धूर दिसेनासा झाला आणि कपड्यांना भोकं पडू लागली: बुटीबोरीतल्या एका तेल-बॉयलरचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर कापडी पिशवी आली. आत शाळेचा पांढरा शर्ट, उशीचे दोन अभ्रे आणि एक जुनी सुती साडी. सगळ्यांवर मोहरीएवढे काळे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती तांबूस कडं. जिथे कुणी ठिपका चोळून धुतला होता तिथे कापड विरलं होतं आणि बारीक भोक पडलं होतं. पिशवी घेऊन आलेल्या काकू नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यालगतच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साहेब, पहिले काळा धूर निघे तेव्हा कपडे मळत होते, बस. आता धूर दिसत नाही, न् कपडे फाटून राहिले."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. पुढे दोन महिने आम्ही जे शोधत बसलो त्याचं उत्तर त्यातच होतं, पण ते कळायला मला फेब्रुवारी उजाडला.

कारखाना कापडावर प्रक्रिया करणारा. त्याचं नाव इथे देत नाही. त्यांनी मला आत येऊ दिलं, लॉगबुकं उघडून दिली आणि जे सापडलं ते लिहायला हरकत घेतली नाही, एवढं सांगणं मात्र आवश्यक आहे. आत फर्नेस ऑइलवर चालणारा वॉटर-ट्यूब बॉयलर आहे. त्याची वाफ आधी एका लहान टर्बाइनमधून जाते, तिथे वीज तयार होते, आणि दाब उतरलेली वाफ रंगाईखात्यात वापरली जाते. आकार लहान असला तरी ते तेलावरचं वीजघरच आहे. तक्रार येण्याआधी वर्षभर त्यांनी धुरातला गंधक काढायला स्क्रबर, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणारा टॉवर, बसवला होता. ऑनलाइन मीटरवर सल्फर डायऑक्साइडचा आकडा मर्यादेच्या बराच खाली. त्यामुळे व्यवस्थापनाला खरोखरच वाटत होतं की ठिपके दुसऱ्या कुणाच्या तरी चिमणीचे आहेत.

तेलातला गंधक म्हणजे किती

नागपुरात धुरातल्या गंधकाचा विषय निघाला की लोक कोराडी आणि खापरखेड्याबद्दल बोलू लागतात, आणि ते साहजिक आहे. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि 'एफजीडी' (धुरातला गंधक काढणारी यंत्रणा) हा शब्द इथल्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना तोंडपाठ आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, मुदती पुढे पुढे सरकल्या आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून मोकळं केलं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, पण ते वेगळं प्रकरण. इथे सांगायचं आहे ते असं की कोळशाचा अनुभव तेलाला जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का. तिथे प्रश्न येतो तो जळणाऱ्या कोळशाच्या प्रचंड प्रमाणामुळे. शिवाय कोळशाच्या राखेत थोडाफार क्षार असतो, तो काही आम्ल स्वतःच शोषतो. फर्नेस ऑइल म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, केरोसीन काढून घेतल्यावर मागे राहिलेला गाळ. गंधक त्या जड रेणूंतच बांधलेला असतो, म्हणून तो गाळात साचतो. चार टक्क्यांपर्यंत गंधक असलेलं फर्नेस ऑइल आपल्याकडे सर्रास विकलं जातं, आणि आम्ल शोषायला त्यात राख जवळजवळ नसतेच.

या कारखान्यात ताशी सुमारे ८०० किलो तेल जळतं. टँकरसोबत आलेल्या तपासणी अहवालात गंधक ३.२ टक्के. म्हणजे ताशी २५.६ किलो गंधक. जळताना गंधकाला जवळपास त्याच्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणून सल्फर डायऑक्साइड होतो दुप्पट, ५१ किलोच्या वर. एक किलो तेलामागे साधारण १२ घनमीटर कोरडा धूर धरला, तर धुराच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सव्वापाच ग्रॅमच्या आसपास सल्फर डायऑक्साइड. स्क्रबर त्यातला ९५ टक्के पकडत होता. मी स्वतः उपकरण लावून दोन दिवस मोजलं. मीटर खोटं बोलत नव्हतं.

काचा आणि लिटमस

प्रयोगशाळेत नमुने पाठवण्याआधी मी एक साधी गोष्ट केली. वसाहतीतल्या चार गच्च्यांवर खिडकीच्या काचेचे तुकडे ठेवले. प्रत्येक काचेवर निळ्या लिटमसच्या पट्ट्या, भिजवून चिकटवलेल्या. काकू आणि त्यांच्या शेजारच्या दोघी ताईंनी दर चार तासांनी काचा बदलायचं काम अंगावर घेतलं, रात्रीसुद्धा. पाकिटावर वेळ लिहून जुनी काच आत टाकायची. दहा दिवसांत दोनशेहून जास्त काचा जमल्या. हे प्रकरण सुटलं ते या पाकिटांमुळे. माझ्या उपकरणांचा वाटा त्यापुढे कमी आहे.

काचांवर दोन जातींचे डाग होते. आम्ही सगळे तोपर्यंत त्यांना एकच समजत होतो.

पहिली जात काळी. लिटमसवर असा कण पडला की भोवती लाल वर्तुळ उमटे, म्हणजे आम्ल. कण पाण्यात भिजवून त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाकले की पाणी रक्तासारखं लाल होई, म्हणजे लोखंड. शर्टावरचं तांबूस कडं याच लोखंडाचं. दुसरी जात पांढुरकी, वाळलेल्या थेंबासारखी. ती लिटमसला काही करत नव्हती आणि ओल्या फडक्याने निघत होती. दुचाकींच्या टाक्यांवर हीच जास्त दिसत होती. बेरियम क्लोराइड टाकल्यावर दोन्हींत पांढरा साका बसला, म्हणजे दोन्हींत सल्फेट. दोन्ही डाग एकाच गंधकाचे होते, पण वेगवेगळ्या वाटेने आले होते.

वेळेचा हिशेब तर आणखी बोलका निघाला. पांढरे डाग दिवसभर पडत होते. काळे मात्र जवळजवळ सगळे पहाटे चार ते आठच्या काचांवर.

पहाटे साडेपाचला काय होतं

बॉयलरच्या लॉगबुकात रोज पहाटे साडेपाचची नोंद होती: सूट ब्लोइंग. नळ्यांवर बसलेली काजळी वाफेच्या झोताने उडवायची. सात वाजता पहिली पाळी येते, त्याआधी रात्रपाळीने हे काम उरकायचं, अशी जुनी रीत.

काजळी उडाली तरी ती पुढे स्क्रबरमध्ये जायला हवी आणि तिथल्या फवाऱ्यात बसायला हवी. मग ती गच्चीवर कशी? मी तीन पहाटा बॉयलरपाशी बसलो. तिसऱ्या पहाटे तिथल्या सगळ्यात जुन्या अटेंडंटनी स्वतःच सांगितलं. त्यांना सगळे काका म्हणतात. "स्क्रबर बसला त्या महिन्यात काजळीनं नोझल चोक झाले तीनदा. तिन्ही वेळा मीच आत उतरलो. मग सांगितलं गेलं की ब्लोइंगच्या टायमाला बायपास खोलत जा. तेव्हापासून रोज खोलतो जी, वीस मिनिटं."

स्क्रबर बसवताना जुनी पोलादी चिमणी पाडली नव्हती. स्क्रबर बंद पडला तर धूर तिकडून सोडता यावा म्हणून ती ठेवली होती आणि मध्ये एक डँपर, म्हणजे धुराची वाट उघडबंद करणारी झडप, होता. रोज पहाटे तो उघडला जात होता. लॉगबुकात बायपासचा रकानाच नव्हता, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. ऑनलाइन मीटर होतं नव्या चिमणीवर, जुन्या चिमणीवर काहीच नाही. त्या वीस मिनिटांत नव्या चिमणीचा आकडा तर आणखी खाली जात असे.

काकांना मी दोष देत नाही आणि कुणी देऊ नये. त्यांच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एक तर ओल्या, आम्लाच्या वाफा असलेल्या टॉवरमध्ये पुन्हा उतरायचं, नाहीतर डँपर उघडायचा. नोझलच्या आधी गाळणी बसवणं, फिरणाऱ्या द्रावणातली काजळी वेगळी काढणं, हे ज्याने आराखडा केला त्याचं काम होतं. तेलाच्या धुरातली काजळी तेलकट, चिकट असते आणि तिच्यात पोकळ कोळशाचे गोळे असतात. ती कोळशाच्या राखेसारखी सुटी वागत नाही. आराखड्यात ही गोष्ट धरलीच नव्हती.

काजळीला आम्ल कुठून लागलं

इथपर्यंत वसाहतीवर काजळी का पडते ते कळलं. पण काजळी पूर्वीही पडत होती, तेव्हा कपडे फाटत नव्हते. तेव्हा मी वही उघडून काकूंचं वाक्य पुन्हा वाचलं. धूर दिसेनासा झाला आणि मग कपडे फाटू लागले. म्हणजे धूर घालवण्यासाठी जे केलं, त्यातच काहीतरी होतं.

धूर कसा घालवला? विचारलं तर उत्तर सोपं होतं: हवा वाढवली. बर्नरच्या नोझलची तोंडं झिजली होती. तेल तापवणारा हीटर हिवाळ्यात कमी पडत होता. फर्नेस ऑइल बर्नरपाशी शंभर अंशांच्या वर तापलेलं हवं, नाहीतर ते घट्ट राहतं, बारीक फवारा होत नाही, मोठे थेंब अर्धवट जळतात आणि काळा धूर येतो. दुरुस्तीला बॉयलर बंद ठेवावा लागला असता, म्हणून पंख्याचा डँपर उघडून जास्तीची हवा सोडली गेली. धुरातला ऑक्सिजन तीन टक्क्यांवरून सात टक्क्यांवर गेला. म्हणजे जळायला लागते त्याच्या दीडपट हवा. धूर विरळ झाला आणि सगळ्यांना बरं वाटलं.

याची दुसरी बाजू अशी. फर्नेस ऑइलमध्ये कच्च्या तेलातून आलेलं व्हॅनेडियम असतं. जळल्यावर त्याचा पेंटॉक्साइड होतो आणि नळ्यांवर थर बसतो. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करायला जो उत्प्रेरक वापरतात तो हाच, व्हॅनेडियम पेंटॉक्साइड. म्हणजे बॉयलरच्या नळ्यांवर आपोआप आम्ल-कारखान्याचा उत्प्रेरक बसलेला, आणि त्यावर जास्तीचा ऑक्सिजन सोडला गेला. तेलाच्या बॉयलरात गंधकाचा एक ते पाच टक्के भाग असा ट्रायऑक्साइड होतो. इथे तीन टक्के धरले, तर पाण्याच्या वाफेशी मिळून ताशी दोन किलोंहून जास्त सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. चोवीस तासांत पन्नास किलोंच्या वर.

हे आम्ल साधारण १३० ते १५० अंशांच्या खाली आलं की थंड पत्र्यावर जमतं. बॉयलरनंतर एअर प्रीहीटर आहे. त्यात एका बाजूने धूर जातो, दुसऱ्या बाजूने आत येणारी हवा तापते. त्याच्या थंड टोकाशी धातूचं तापमान ढोबळमानाने धूर आणि हवा यांच्या मधोमध असतं. नागपूरच्या मे महिन्यात आत येणारी हवा ४५ अंशांची असते, डिसेंबरच्या पहाटे ती दहाच्या आसपास. तेवढ्याने थंड टोकाचा धातू सतराअठरा अंशांनी उतरतो आणि आम्ल जमण्याजोगा पत्रा वाढतो. काजळी ते टिपकागदासारखं शोषून घेते. याशिवाय दिवसभर बंद असलेली जुनी पोलादी चिमणी आतून गार पडलेली. पहाटे डँपर उघडला की गरम धूर त्या गार पत्र्याला लागतो, आम्ल जमतं, लोखंड खातं, आणि गंज, आम्ल, काजळी यांचा एकजीव झालेला पापुद्रा सुटून उडतो. शर्टावर पडलेला ठिपका तो हाच. ठिपक्यातल्या लोखंडाने आम्हाला आधीच जुन्या चिमणीचा पत्ता सांगितला होता. आम्हीच ओळखला नाही.

नवी चिमणी ठेंगणी का होती

आता पांढरे डाग. ते स्क्रबरमधून आले होते. फवाऱ्याचे बारीक थेंब धुराबरोबर वर जाऊ नयेत म्हणून टॉवरच्या वरच्या भागात डेमिस्टर असतो. तो क्षारांनी आणि काजळीने अर्धा बुजला होता. उरलेल्या फटींतून धूर जोरात जाई आणि थेंब सोबत ओढून नेई. थेंब वाळला की मागे सोडियमचे क्षार. याची दुरुस्ती सोपी होती. धुण्याची वेगळी पाइपलाइन घातली आणि काम झालं.

अवघड होतं ते चिमणीचं. गंधकासाठी चिमणीच्या उंचीचं आपल्याकडे एक सूत्र आहे: ताशी सल्फर डायऑक्साइड किती किलो, त्याचा ०.३ वा घात, गुणिले १४, एवढे मीटर. किमान मर्यादा ३० मीटर. ताशी ५१ किलोला साडेपंचेचाळीस मीटर येतात. जुनी चिमणी तेवढी होती. स्क्रबरनंतर उरतो अडीच किलो. त्याला सूत्रातून एकोणीस मीटरही येत नाहीत, म्हणून किमान मर्यादेची ३० मीटरची फायबरची चिमणी थेट टॉवरवर उभी केली. कागदावर सगळं नियमात.

पण जुन्या चिमणीतून बाहेर पडणारा धूर दीडशे अंशांच्या वर होता आणि कोरडा होता. तो स्वतःच्या उष्णतेने वर चढत असे. स्क्रबरमधला धूर पंचावन्न-साठ अंशांचा आणि पाण्याने ओथंबलेला. त्यात ट्रायऑक्साइडपासून झालेलं आम्लाचं अतिसूक्ष्म धुकं असतं. ते थेंब इतके बारीक की फवाऱ्याच्या पाण्याला चुकवून निघून जातात. सल्फर डायऑक्साइडला पकडणारा स्क्रबर या धुक्याला फारसं पकडत नाही आणि मीटरला ते दिसत नाही. उन्हात पाहिलं तर चिमणीपासून थोड्या अंतरावर पाण्याची वाफ विरून जाते आणि मागे निळसर पट्टा राहतो. तो आम्लाचा. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते. वारा पडलेला. धूर झाकणाखाली अडकल्यासारखा खालीच पसरतो. तीस मीटरवरून सुटलेला गार, ओला धूर अशा हवेत वर जाणार तरी कसा?

हे पूर्वी घडून गेलेलं आहे. लंडनमध्ये थेम्सच्या काठी बँकसाइड नावाचं तेलावर चालणारं वीजघर १९५२ मध्ये सुरू झालं. त्याचा धूर नदीच्या पाण्याने धूत असत. धुतल्याने धूर गार पडे आणि वर न जाता आसपासच उतरे, आणि धुतलेलं पाणी नदीला त्रास देई. ते वीजघर १९८१ मध्ये बंद झालं, आज त्या इमारतीत टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे. त्यांच्या दोन अडचणी होत्या, खाली बसणारा धूर आणि दूषित पाणी. बुटीबोरीत धूर पाहून झाला होता, पाणी बाकी होतं.

पाणी

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या केमिस्ट ताई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की स्क्रबर आल्यापासून त्यांचा सीओडी (सांडपाण्याची ऑक्सिजनची मागणी, जी सहसा सेंद्रिय घाणीमुळे वाढते) चढला आहे. स्क्रबरमध्ये सेंद्रिय काहीच नसल्यामुळे कुणी त्यांचं ऐकलं नाही. त्यांचं बरोबर होतं. कॉस्टिकमध्ये सल्फर डायऑक्साइड विरघळला की आधी सल्फाइट होतं. सल्फाइट ऑक्सिजनसाठी भुकेलं असतं आणि सीओडीच्या चाचणीत ते ऑक्सिजन खातं. इथला सगळा पकडलेला गंधक सल्फाइट म्हणून बाहेर पडला, तर दिवसाला जवळपास २९० किलो ऑक्सिजनची मागणी. टाकीत हवा मारून त्याचं सल्फेट करून घेणं हा उपाय. ब्लोअर बसला आणि सीओडी उतरला. मात्र कॉस्टिकचा खर्च वाढला. पीएच सहाच्या आसपास ठेवून कॉस्टिक वाचवत होते, तेव्हा द्रावणात सल्फाइटचं आम्लधर्मी रूप, बायसल्फाइट, जास्त होतं. त्याला हवा मारली की आम्ल सुटतं आणि वाचवलेलं कॉस्टिक शेवटी घालावंच लागतं. एक किलो गंधकाला अडीच किलो कॉस्टिक, हा हिशेब चुकवता येत नाही. दिवसाला जवळपास दीड टन.

आणि सल्फेट? ते पाण्यातच राहतं. दिवसाला सुमारे २.६ टन सोडियम सल्फेट. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम. एवढं मीठ तेवढं पातळ करायचं तर रोज बारा लाख लिटर पाणी लागेल. ज्या भागात उन्हाळ्यात टँकर फिरतात तिथे हा विचारसुद्धा करवत नाही. मुंबईत तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) वीजकेंद्राने समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची सोय केली. समुद्राच्या पाण्यात नैसर्गिक क्षारता असते आणि सल्फेट त्यात आधीच भरपूर असतं. नागपूरला समुद्र नाही. इथे वेणा नदी आणि आसपासचे नाले आहेत आणि त्यांच्या काठी विहिरी आहेत.

म्हणून हे पाणी एमईईमध्ये, म्हणजे वाफेवर टप्प्याटप्प्याने पाणी उडवणाऱ्या यंत्रात, आटवतात. रोज साधारण सव्वीस हजार लिटर. त्याला लागणारी वाफ त्याच बॉयलरची. मी हिशेब मांडून व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला: तीन किलो पाणी आटवायला एक किलो वाफ धरली, तर दिवसाला सुमारे सहाशे किलो तेल फक्त हे मीठ सुकवायला जळतं, आणि त्या तेलात आणखी एकोणीस-वीस किलो गंधक असतो. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

चुन्याचाही विचार झाला. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यात चुनखडीवर सिमेंट कारखाने उभे आहेत, चुना परवडतो. धूर सोडियमच्या द्रावणातच धुवायचा, पण ते द्रावण बाहेर काढून चुन्याने पुन्हा ताजं करायचं. कॉस्टिक परत मिळतं, गंधक कॅल्शियमबरोबर घन होऊन बसतो आणि मिठाचं पाणी फार उरत नाही. मला ही वाट मनापासून आवडली होती. दोन ठिकाणी ती अडली. चुना सल्फाइटपासून सोडियम सहज सोडवतो, सल्फेटपासून नाही. म्हणजे ईटीपीसाठी जी हवा आपण मारतो तीच इथे घात करते, आणि धुरात ऑक्सिजन जास्त असेल तर टॉवरमध्येच सल्फेट बनतं. दुसरं, तयार होणारा कॅल्शियम सल्फाइटचा गाळ टूथपेस्टसारखा, पाणी सोडत नाही. त्याचं जिप्सम करायला वेगळी टाकी आणि वेगळा पीएच सांभाळावा लागतो. वर काजळीने ते काळं पडणार आणि त्यात व्हॅनेडियम-निकेल येणार. असं जिप्सम सिमेंटवाले घेत नाहीत. मोठ्या केंद्रात यासाठी आधी धूळ पकडणारं यंत्र असतं. बाराएक टनांच्या बॉयलरमागे एवढा डोलारा उभा करायला कारखाना तयार नव्हता, आणि सांभाळायला माणसंही नव्हती.

काय बदललं

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बॉयलर नऊ दिवस बंद ठेवला. बर्नरची नोझलं बदलली, तेलाचा हीटर मोठा केला. आता तीन टक्के ऑक्सिजनवर धूर निघत नाही. हवा कमी केल्याने तेलही थोडं वाचलं, आणि सगळ्यांना पटवायला तेच उपयोगी पडलं. तेलात मॅग्नेशियम ऑक्साइडची मात्रा सुरू केली. ते व्हॅनेडियमला बांधून त्याची उत्प्रेरकी कमी करतं आणि काही आम्लही मारतं. एअर प्रीहीटरच्या आधी वाफेची एक कॉइल घातली, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालवायची, म्हणजे आत येणारी हवा दहा अंशांची नसेल. फिरत्या द्रावणाला जोडीने दोन गाळण्या घातल्या, एक चालू असताना दुसरी धुता येते. काकांना आता टॉवरमध्ये उतरावं लागत नाही. बायपासच्या डँपरला कुलूप आहे, किल्ली पाळीप्रमुखाकडे, आणि तो उघडला की तापमानाच्या सेन्सरवरून आपोआप नोंद होते. सूट ब्लोइंग पहाटेऐवजी दुपारी दोनला, स्क्रबर चालू ठेवूनच. दुपारी हवा मोकळी असते आणि जे निसटतं ते वर जातं.

चिमणी पंधरा मीटरने वाढवण्याचं काम अजून झालेलं नाही. टॉवरच्या पायाला तेवढा भार झेपत नाही, वेगळा सांगाडा उभारावा लागेल. मी दर महिन्याला विचारतो.

काचा अजून गच्च्यांवर ठेवल्या जातात, आता आठवड्यातून एक दिवस. फेब्रुवारीच्या मध्यापासून काळा कण सापडलेला नाही. थंडीच्या सकाळी चिमणीमागे निळसर पट्टा मात्र दिसतो, पूर्वीपेक्षा फिका. ओलसर लिटमसही कधी कधी कडेने गुलाबी होतो. आम्लाचं धुकं अडवायला विजेच्या भाराने थेंब ओढून घेणारं ओलं इलेक्ट्रोस्टॅटिक यंत्र लागतं आणि त्याची किंमत ऐकून बैठक तिथेच थांबली होती.

दुसरा बॉयलर पुढच्या वर्षी यायचा आहे. तो पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि सोयाबीनच्या कुटाराच्या ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या कांड्यांवर, चालावा असा आग्रह मी धरला आहे. त्यात गंधक नगण्य. राखेतल्या पोटॅशमुळे नळ्यांवर थर बसण्याची वेगळी डोकेदुखी येईल, ती सांगूनच आग्रह धरला आहे. तोवर एमईईच्या शेडमध्ये दिवसाला अडीच टनांच्या वर करडं मीठ पोत्यांत भरलं जातं. बुटीबोरीच्या सामायिक घातक-कचरा केंद्राकडे ट्रक जातो. पण ते मीठ पाण्यात विरघळणारं असल्यामुळे नुसतं पुरता येत नाही, त्याला वेगळी प्रक्रिया लागते, त्याचे पैसे वेगळे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा पोत्यांची थप्पी छताच्या पत्र्याला टेकली होती आणि नवी पोती बाहेर ताडपत्रीखाली लावायला सुरुवात झाली होती. पावसाळ्याला सात आठवडे उरलेत. शेड वाढवायचं पत्र मी त्याच दिवशी देऊन आलो.